शंभरातल्या चौऱ्याऐंशी: कॅन्सरचा ऑनलाइन आकडा वाचायचा कसा?

गेल्या महिन्यात शाहूपुरीतला ओळखीचा एक मुलगा संध्याकाळी घरी आला. एका हातात आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा रिपोर्ट, दुसऱ्या हातात मोबाईल. समोर ठेवलेला चहा तसाच निवला. शेवटी मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाला, "काका, तुम्ही स्टॅटिस्टिक्स शिकवलंय, एवढं सांगा. रिपोर्टातलं सगळं या साइटवर भरलं. दहा वर्षांनी शंभरातल्या चौऱ्याऐंशी बायका जिवंत असतात म्हणतंय. माझी आई त्या चौऱ्याऐंशीत आहे का सोळात?"

तीसेक वर्षं हा विषय शिकवला, पण असा प्रश्न कुठल्या पेपरात आला नव्हता. आणि खरं सांगायचं तर याचं उत्तर कुणाकडेच नाही. साइटकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. मग तो आकडा कशाला असतो? त्या संध्याकाळी त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे, कारण हा प्रश्न पडणारा तो एकटा नाही. पूर्वी असे आकडे डॉक्टरांच्या डोक्यात आणि जाड पुस्तकांत असायचे. आता ओपीडीच्या आदल्या रात्री घरातलं कुणीतरी रिपोर्ट बघून मोबाईलवर चौकटी भरतं आणि पुढची रात्र जागून काढतं.

बंधाऱ्याची पातळी आणि आपला उंबरा

पावसाळ्यात कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्याला किती?" पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण ४३ फूट म्हटल्यावर सगळं कोल्हापूर बोचकी बांधत नाही. सुतारवाड्यातल्या माणसाने तोवर सामान हलवलेलं असतं, आणि सागरमाळावरचा माणूस पूर बघायला शिवाजी पुलाकडे निघालेला असतो. पातळी एकच, उंबरे वेगळे.

कॅन्सरचे जे ढोबळ आकडे बातम्यांत येतात ते बंधाऱ्यावरची पातळी असतात. "भारतात स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षांनी शंभरातल्या अमुक जगतात." यात तीस वर्षांची मुलगी आणि ऐंशीची आजी, शेंगदाण्याएवढी गाठ आणि हाडांपर्यंत गेलेला आजार, पूर्ण उपचार घेतलेली आणि अर्ध्यात सोडलेली, सगळ्या एकत्र मोजलेल्या असतात. तो आकडा नदीचा आहे, तुमच्या उंबऱ्याचा नाही.

ऑनलाइन टूल एक पायरी पुढे जातं. ते विचारतं की घर कुठल्या गल्लीत, जोतं किती उंच, मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. मग सांगतं, "तुमच्यासारख्या शंभर घरांपैकी साधारण इतक्या घरांत पाणी शिरतं." हे नुसत्या पातळीपेक्षा कितीतरी उपयोगी. पण बोलणं शंभर घरांबद्दलच चाललेलं असतं. त्या मुलाचा प्रश्न अडत होता तो नेमका इथे.

"पाच वर्षं म्हणजे पाचच वर्षं का?"

सर्व्हायव्हल हा शब्द इथून पुढे एकाच अर्थाने वापरतो: निदान झालेल्या दर शंभर जणांपैकी ठरावीक वर्षांनी किती हयात आहेत ते प्रमाण.

यावरून दोन उलट गैरसमज होतात. एक, "डॉक्टर पाच वर्षांचं बोलले, म्हणजे पाच वर्षंच उरली." तसं नाही. पाच हा मोजायला सोयीचा टप्पा आहे, मुदत नव्हे. दहावीला टक्के काढतात म्हणून शिक्षण दहावीला संपतं का? दुसरा, "पाच वर्षं झाली, आता सुटलो." काही कॅन्सरमध्ये हे बरंचसं खरं असतं, पण स्तनाचा हार्मोनवर वाढणारा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही परतू शकतो. म्हणून त्याची चांगली टूल्स दहा आणि पंधरा वर्षांचेही आकडे दाखवतात.

आणखी एक आकडा लोकांना फार घाबरवतो, तो म्हणजे मध्यक. शंभर जणांना आयुष्याच्या लांबीप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधला माणूस जिथे असतो तो. "मध्यक आठ महिने" याचा अर्थ निम्मे आठ महिन्यांच्या आत गेले आणि निम्मे त्यानंतरही राहिले. ते कुठवर राहिले हे मध्यक सांगतच नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा एक दुर्मीळ कॅन्सर झाला. पुस्तकात मध्यक आठ महिन्यांचा होता. ते त्यानंतर वीस वर्षं जगले आणि २००२ मध्ये गेले ते वेगळ्याच कॅन्सरने. प्रत्येकाचं असं होईल असा याचा अर्थ काढू नका. रांगेला लांब शेपूट असतं, एवढंच यातून घ्यायचं.

टूलच्या पोटात काय असतं?

त्या मुलाने उघडलेलं टूल होतं प्रेडिक्ट ब्रेस्ट. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी २०११ मध्ये ते इंटरनेटवर मोफत खुलं केलं. पहिलं गणित बांधलं ते तिथल्या ईस्ट अँग्लिया भागातल्या ५६९४ स्त्रियांच्या नोंदींवरून. त्यांचं निदान १९९९ ते २००३ या काळातलं. पुढे गणित सुधारत गेलं आणि आकडे दाखवण्याची पद्धतही बदलली. या दुसऱ्या कामात डेव्हिड स्पीगलहॉल्टर यांच्या गटाचा हात आहे. लोकांना धोका समजेल असा कसा मांडावा, याचाच अभ्यास करणारा हा संख्याशास्त्रज्ञ.

टूल विचारतं ते सगळं ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात सापडतं: निदानाच्या वेळचं वय, गाठीचा आकार मिलिमीटरमध्ये, ग्रेड (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार किती पसरला ते, ग्रेड आणि स्टेज एक नव्हेत, यात घोटाळा फार होतो), काखेतल्या किती लसिका गाठींत आजार सापडला, ईआर (कॅन्सर इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढतो का) आणि हर-टू (पेशींवर वाढीला चालना देणारं एक प्रथिन जास्त आहे का) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. मग उत्तर एकच नसतं. नुसत्या ऑपरेशनने किती, त्यावर हार्मोनची गोळी घेतली तर किती, केमो घेतला तर आणखी किती, असे थर दिसतात. हेच तक्त्यात बघा, वक्ररेषेत बघा, साध्या वाक्यात वाचा नाहीतर शंभर छोट्या चित्रांत बघा. डोकं कसं चालतं ते प्रत्येकाचं वेगळं. मला तक्ता सोपा, माझ्या बायकोला चित्रं.

मी शंभर चित्रांच्या बाजूचा आहे, शिक्षक असूनही. "१६ टक्के" ऐकलं की ती कुठलीतरी धुकट गोष्ट वाटते. शंभर माणसांची पंगत बसली आहे आणि त्यातली सोळा पानं रिकामी आहेत, हे डोळ्यांना लगेच दिसतं. आणि भरलेली चौऱ्याऐंशीही त्याच वेळी दिसतात, हे जास्त महत्त्वाचं.

खरा आकडा दोन थरांच्या मधला

आता त्या मुलाच्या आईचा हिशेब. आकडे मी बदलले आहेत, रीत तीच.

नुसतं ऑपरेशन: दहा वर्षांनी १०० पैकी ७६ हयात. हार्मोनच्या गोळीने आणखी ५, म्हणजे ८१. केमोने आणखी ३, म्हणजे ८४. उरलेल्या १६ पैकी ४ अशा की कॅन्सर नसता तरी हृदयविकार, अपघात वगैरे कारणांनी गेल्या असत्या.

मुलगा ८४ आणि १६ कडे बघत होता. मी त्याला ५ आणि ३ कडे बघायला लावलं. कारण ८४ वर तुमचा हात चालत नाही, पण ५ आणि ३ वर तुम्हाला काहीतरी ठरवायचं असतं. हे टूल बनलंच आहे त्यासाठी. ऑपरेशन झालं, आता पुढचा उपचार घ्यायचा का, आणि घेतला तर फायदा किती, हा त्याचा विषय. कुंडली मांडणं हे त्याचं काम नाही, पण आपण सगळे त्याला कुंडलीसारखंच वाचतो.

तीनाचा अर्थही नीट लावायला हवा. अशा शंभर बायकांनी केमो घेतला तर त्यातल्या ८१ तो न घेताही दहा वर्षांनी असत्या. १६ घेऊनही नसतील. तीन जणी केवळ केमोमुळे असतील. त्या तीन कोण हे आधी ओळखता येत नाही, म्हणून औषध शंभर जणींना द्यावं लागतं.

हीच गोष्ट कुणी अशीही सांगू शकतं: "केमोने मृत्यू १६ टक्क्यांनी कमी होतात!" १९ वरून १६ वर आले, म्हणजे तीन भागिले एकोणीस, साधारण १६ टक्के. खोटं काही नाही. पण ऐकणाऱ्याला वाटतं शंभरातल्या सोळा वाचल्या. दुकानावर "५० टक्के सूट" असते तेव्हा आपण विचारतो ना, मूळ किंमत किती? इथेही तेच विचारायचं: किती वरून किती वर आलं?

"मग शंभरात तिघींसाठी एवढा त्रास कशाला?"

हा आक्षेप मुलाने लगेच घेतला, आणि तो रास्त आहे. तीन कमी की जास्त, हे गणित ठरवू शकत नाही. पस्तिशीतल्या, लहान मुलं असलेल्या बाईला शंभरात एकानेही फरक पडत असेल तर हवा असतो. ऐंशीची आजी म्हणेल, पाच वाढत असले तरी मला तो त्रास नको. दोघींचं बरोबर.

अडचण अशी की त्रास त्या शंभर चित्रांत दिसत नाही. केस जातात ते परत येतात. पण केमोच्या काही औषधांनी हातापायाला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, आणि कधी कधी ते महिनोन् महिने राहतं. औषध महात्मा फुले योजनेतून झालं तरी एसटीचं भाडं, बरोबर येणाऱ्याचा खाडा, घरी स्वयंपाक कोण करणार, हे कुठलं टूल विचारत नाही. मधुमेह किती ताब्यात आहे हेही विचारत नाही. ते विचारायला समोर डॉक्टर लागतात.

हे शंभर कुणाचे?

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते इथे. पूररेषा आखतात ती जुन्या पुरांवरून. नदी तीच असेल तर ठीक, पण दुसऱ्याच नदीची रेषा आणून पंचगंगेवर आखली तर?

प्रेडिक्टमधल्या शंभर बायका ब्रिटिश आहेत. तिथे बऱ्याच जणींचा आजार नियमित मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत), गाठ हाताला लागण्याआधी सापडतो. टूल ते वेगळं विचारतंही. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर सरासरीने दशकभर आधीच्या वयात होतो, आणि हार्मोन, हर-टू दोन्ही निगेटिव्ह असण्याचं प्रमाण जास्त दिसतं. शिवाय आपल्याकडे अनेकींची गाठ इतकी वाढलेली असते की आधी केमो देऊन ती लहान करतात आणि मग ऑपरेशन. हे टूल आधी ऑपरेशन झालेल्यांसाठी आहे. आधी केमो झाला असेल, किंवा आजार हाडं, फुप्फुस, यकृतात पसरला असेल, तर त्यात आकडे भरूच नयेत. चौकटी भरल्या की उत्तर येतंच, आणि ते उत्तर तुमचं नसतं.

दुसरी गोष्ट काळाची. दहा वर्षांचं सर्व्हायव्हल सांगायचं तर निदान होऊन दहा वर्षं उलटलेल्या बायका लागतात. म्हणजे आजचा आकडा कालच्या उपचारांचा. नवी औषधं त्यात पुरती उतरलेली नसतात.

मग आपल्या बायकांवरून टूल का नाही? कारण मोजणी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात २०१० ते २०१४ दरम्यान निदान झालेल्या स्तनाच्या कॅन्सरचं पाच वर्षांचं सर्व्हायव्हल अमेरिकेत ९० टक्के, भारतात ६६ टक्के आलं. बातमी झाली, हळहळ झाली. पण भारताचा तो आकडा मोजक्या भागांतल्या नोंदींवरून आलेला होता. आपल्या महाराष्ट्राचं या कामातलं नाव मोठं आहे. मुंबईत १९६३ पासून कॅन्सरची नोंदणी होते, आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. तिथले कार्यकर्ते दवाखान्यात बसून न राहता गावोगाव जाऊन माणसं भेटत. पण रुग्णाचं नाव लिहिणं एक आणि दहा वर्षं तिची खबर ठेवणं वेगळं.

चंदगडची बाई उपचार घेऊन गावी जाते. मोबाईल नंबर बदलतो. फाइलवर शेवटचा शेरा, "फॉलो-अपला आली नाही." ती ठणठणीत आहे म्हणून आली नाही, की नाहीच आता? हिशेबात तिला शेवटच्या भेटीपर्यंत धरतात, आणि पुढे ती बाकीच्यांसारखीच असेल असं मानतात. ही रीत १९५८ मध्ये कॅप्लन आणि मायर या दोघांनी घालून दिली आणि ती आजही जगभर चालते. पण न आलेल्यांत जास्त आजारी बायकाच अधिक असल्या तर आकडा फुगतो. म्हणून कोल्हापूरकरांना एक विनंती, आणि ती मी सगळीकडे करतो. दवाखान्यातून दोन वर्षांनी फोन आला, "बाई कशा आहेत?" तर दोन मिनिटं बोला. तुमच्या "बऱ्या आहेत"वर पुढच्या बाईचं गणित उभं राहतं.

"लवकर सापडला म्हणजे जास्त जगला, हे तरी खरं ना?"

बऱ्याचदा खरं, पण आकडा इथे फसवू शकतो. महालक्ष्मी एक्सप्रेस घ्या. एक जण कोल्हापुरात चढला, दुसरा मिरजेला. गाडी मुंबईत एकाच वेळी पोहोचते, पण कोल्हापूरवाला म्हणतो माझा प्रवास तासाभराने मोठा. निदान लवकर झालं की सर्व्हायव्हलचं घड्याळ लवकर सुरू होतं. शेवट जराही पुढे गेला नसला तरी "निदानानंतरची वर्षं" वाढलेली दिसतात.

दक्षिण कोरियात याची दुसरी बाजू दिसली. तिथे गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्याने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. ज्या बारीक गाठींनी आयुष्यात कधी त्रास दिला नसता त्याही कॅन्सर म्हणून मोजल्या गेल्या होत्या, आणि त्यामुळे सर्व्हायव्हल झकास दिसत होतं.

यावरून "तपासणी नकोच" असा अर्थ कुणी काढू नये. स्तनातली गाठ लहान असताना सापडली तर उपचार सोपा होतो आणि जीवही वाचतात. दोन देशांची किंवा दोन दवाखान्यांची सर्व्हायव्हलवरून कुस्ती लावू नये, माझं म्हणणं तेवढंच.

आईला दाखवायचं का?

मुलगा उठता उठता म्हणाला, "आईला नाही सांगणार काका. घाबरंल ती." आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. नवरा, मुलगा, भाऊ सगळे आकडे जाणतात, आणि जिच्या अंगावर सुई लागणार तिला "गाठ होती, काढली" एवढंच.

मी त्याला जबरदस्ती केली नाही, पण शब्दांचा खेळ दाखवला. १९८२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. काही जणांना सांगितलं, या ऑपरेशनमधून १०० पैकी ९० वाचतात. काहींना सांगितलं, १० दगावतात. गोष्ट एकच, तरी दुसऱ्या गटात ऑपरेशन निवडणारे कमी झाले. डॉक्टरांचंही तेच झालं. म्हणून सांगायचंच तर दोन्ही बाजू एकत्र सांगाव्यात. शंभर चित्रांचा फायदा इथेही आहे, त्यांना एक बाजू लपवता येत नाही. आणि आधी विचारावं, "आकडे ऐकायचेत का?" नको म्हणणं हाही तिचा हक्क.

मोबाईलवरच्या चॅटबॉटचं काय, हेही त्याने विचारलं. शब्दाचा अर्थ विचारायला हरकत नाही. आकडा मात्र कुठल्या रुग्णांवरून काढला हे जिथे स्पष्ट लिहिलेलं असतं तिथूनच घ्यावा, आणि तोही डॉक्टरांसमोर ठेवावा.

निघताना मी त्याला एका चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून दिले. हे टूल आईला लागू आहे का? केमोने शंभरात किती वाढतात, आणि किती वरून किती? त्रास कुठला, आणि किती दिवस?

आठवड्याने त्याचा फोन आला. आईला सगळं दाखवलं होतं. तिने चित्रं बघितली, तीन वेगळ्या रंगाच्या बायका मोजल्या, आणि ओपीडीत चिठ्ठी बाजूला ठेवून आपलाच प्रश्न विचारला. ती ब्लाउज शिवते. बोटं बधिर झाली तर सुई कशी धरणार? डॉक्टरांनी औषधाची निवड आणि डोस यावर बराच वेळ बोलून काढला, म्हणे. केमो घ्यायचं तिने ठरवलं. पहिला डोस दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्यावर घेतला तर चालेल का, असं तिने विचारलं. डॉक्टरांनी कॅलेंडर पाहिलं आणि दोन आठवडे दिले.